ज्याचं कुलूप, त्यानं काढायचं

१

आधी कडीची खळखळ. मग कुलपाचा खटका. मग दार दोनदा ओढून बघितल्याचा आवाज, आणि त्यानंतर लांब लांब जाणाऱ्या वहाणा.

हा आवाज उद्धवरावांनी ऐकला तेव्हा त्यांना कुणी उद्धवराव म्हणत नव्हतं. सहा-सात वर्षांचं पोर होतं ते. भोसरीत वर्कशॉपच्या पाठीमागं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातली अगदी टोकाची खोली त्यांची. आई आधीच गेलेली. बाप साहेबराव, पोराचा तात्या, पोट भरायला बीडकडून आलेला, ओतकामाच्या कारखान्यात लागलेला. पोराला सांभाळायला माणूस नव्हतं. मग तो पोराला आत ठेवी, बाहेरून कडी घाली, पितळी कुलूप लावी, आणि नीट बसलं का बघायला दार दोनदा ओढी. त्या ओळीत अशी पोरं आणखीही होती. दुपारचं तिथून चाललं की दारांच्या फटींतून डोळे दिसायचे.

"आवाज करू नको. येतो लगेच." खाकी शर्ट घालून, डबा उचलून जाताना बाप एवढंच म्हणायचा. आवाज केल्याचं कुणी सांगितलं तर संध्याकाळी कमरेचा पट्टा निघायचा. पोरानं ते दोन-तीनदाच होऊ दिलं, मग आवाज करायचं सोडून दिलं.

ऐन उन्हाळ्यात एके दिवशी बाप असाच कुलूप लावून गेला आणि आला नाही. पत्रा तापला, तडतडला, रात्री गार पडला आणि सकाळी पुन्हा तापायला लागला. पोरानं आवाज केला नाही. शेवटी शेजारच्या शालनबाईला शंका आली. तिनं फटीला कान लावला आणि मग हातोडा घेऊन माणूस बोलावला. त्यानं कोयंडा फोडला. कुलूप मात्र तसंच बंद, तुटक्या कोयंड्यात लटकत राहिलं. म्हणजे दार फुटलं, पण ते कुलूप काही कुणी उघडलं नाही.

बापाचं काय झालं ते कुणी नक्की सांगितलं नाही. पळून गेला म्हणणारे होते, गाडीखाली आला म्हणणारेही होते. पोराला शालनबाईनं आपल्या पोरांच्या पंक्तीला बसवलं. एवढीच त्याच्या लहानपणाची गोष्ट.

२

अशा पोराचं पुढं काय व्हावं? काहीही झालं असतं. पण उद्धवरावांचं चांगलं झालं, आणि ते सहज झालं नाही.

हातोड्यानं दार फोडणारा तो माणूस फिटर होता. त्याच्याच हाताखाली पोरगा शिकला. पुढं महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, मेंटेनन्सला लागला आणि तिथंच म्हातारा झाला. लग्न झालं. सुमनताईंना त्यांनी लग्नानंतर थोड्याच दिवसांत पत्र्याच्या खोलीचं सांगून टाकलं. त्या दिवसापासून नवरा न्हाणीत गेला की त्या तिकडं कुणाला फिरकू देत नसत, कारण नवरा दाराला आतूनसुद्धा कडी घालत नसे. आत माणूस आहे हे कळावं म्हणून गुणगुणत आंघोळ करी. निरंजन जन्मला, मोठा झाला, हिंजवडीला नोकरीला लागला, तरी घरातला विनोद तोच. "बाबांचा कार्यक्रम सुरू झाला, कुणी जाऊ नका रे."

महाळुंग्यात कोंडीराम नावाच्या शेतकऱ्याकडून गुंठाभर जागा घेऊन त्यांनी घर बांधलं. वर आपलं बिऱ्हाड, खाली दोन खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं. दारं बसवताना त्यांनी सुताराला सांगितलं, "मेन दार सोडून कुठल्याच दाराला बाहेरून कडी नको."

"अहो, चोर आत सापडला तर कोंडायचा कसा?"

"नाही कोंडायचा. जाऊ दे त्याला."

सुतार हसला. पण घर झालं ते तसंच झालं.

कंपनीत मात्र उद्धवरावांचं सगळं आयुष्य कुलपातच गेलं. प्रेसमध्ये हात घालून काम करायचं तर आधी मेन स्विच पाडायचा, त्यावर आपल्या नावाचं लाल कुलूप लावायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. मग साहेब येवो नाहीतर मालक, ती प्रेस चालू होत नाही. काम झालं की ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हातसुद्धा लावायचा नाही. एकदा उद्धवराव कुलूप विसरून घरी गेले. सगळी लाइन थांबली. पण कुणी कटर आणला नाही, गाडी पाठवून त्यांनाच परत आणलं. सगळे तोंडावर हसले. उद्धवरावांना लाज वाटली, आणि आत कुठंतरी फार बरंही वाटलं. ज्यानं लावलं त्याला परत यायलाच लागतं, असा कायदा जगात एका तरी जागी आहे, हे त्यांना बरं वाटलं होतं.

कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघायचे. ही सवय कुठून आली याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

रिटायर झाले तेव्हा पोरांनी नारळ, शाल दिली आणि तेच लाल कुलूप चावीसकट हातात ठेवलं. घरी ते खिळ्याला टांगलं. चावी मात्र सवयीनं खिशातच राहिली.

३

दुपारची जेवणं झालेली. सुमनताई देवळात भजनाला गेलेल्या. निरंजन आणि सूनबाई सोनल आपापल्या कामावर. घरात उद्धवराव आणि दुसरीतली नात निशिगंधा, दोघंच. ती मागच्या खोलीत चित्र काढत बसलेली, हे पुढं पंख्याखाली खुर्चीत.

मागून आवाज आला. खळखळ, खटका, आणि दोन हिसके.

उद्धवराव हलले नाहीत. ऐकलं ते खरं नाही असं त्यांनी आधी ठरवून टाकलं. आसपास कारखाने, लोखंडावर लोखंड पडतच असतं. पण लोखंडाचा आवाज ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. कंटेनरचं दार लागतं ते वेगळं, शटर पडतं ते वेगळं. हा आवाज घरातला होता.

उठून ते मागं गेले. खोलीचं दार सताड उघडं. निशिगंधा पोटावर पालथी पडून हत्तीला निळा रंग देत होती.

"पिल्लू, काही आवाज आला का गं?"

"आला ना." तिनं मान वर केली नाही. "रोजच येतो."

"कशाचा?"

"आजोबा, हत्तीला निळा चालतो?"

"चालतो की," उद्धवराव म्हणाले. आणि मग तिथंच उंबऱ्यात बसून राहिले, सुमनताई येईपर्यंत.

४

कडी त्यांना दिसली ती पुढं दोन-चार दिवसांनी. मागच्या खोलीच्या दाराला, बाहेरच्या अंगाला. जुनी, लोखंडी. कोयंडा चौकटीत बसवलेला. कडी घासून घासून एका जागी चकचकीत झालेली, पट्टीवर मात्र दाराचाच रंग. स्क्रूच्या खाचांतसुद्धा तोच रंग भरलेला. म्हणजे दार रंगवलं तेव्हा ती तिथं होती. आणि दार रंगवलं होतं उद्धवरावांनी स्वतः.

त्यांनी सुमनताईंना बोलावलं.

"ही कडी कधीची?"

"असेल सुतारानं लावलेली." त्या पुढं झाल्या, बोट लावून बघितलं आणि बोट मागं घेतलं. "नाही हो. दर शनिवारी मी या दारावरून ओला फडका मारते. नव्हती."

"मग लावली कुणी?"

"मला काय विचारता? घरात फिटर कोण आहे?"

त्या सहज बोलून गेल्या. पण शब्द बाहेर पडला तसं उद्धवरावांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं.

उद्धवरावांना एकेकाचा संशय यायला लागला. खालच्या भाडेकरू पोरांनी थट्टा केली असेल? ते खाली गेले. बंटी म्हणून एक होता, रात्रपाळी करून आलेला, दारात दात घासत उभा.

"काय रे, वर येऊन दाराला कडी कुणी बसवली?"

"काका, बारा तास उभं राहून येतोय. आम्हाला आमच्या दाराला कडी लावायची शुद्ध नसते, उघडंच टाकून झोपतो. तुमच्या दाराला कधी लावू?"

ते खरंच होतं. मग सोनलचा संशय आला. पोर अभ्यासाला बसत नाही म्हणून तिनं बसवून घेतली असेल? निरंजनचाही आला. मग भजनाच्या नावाखाली सुमन जाते कुठं, इथपर्यंत मन गेलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. रोज ज्यांच्या पंक्तीला जेवायचं, त्यांच्या हातांकडं ते चोरून बघायला लागले होते.

त्यांनी स्क्रू काढले, कडी भंगाराच्या डब्यात टाकली, भोकं लांबी भरून बुजवली, वर रंगाचा हात मारला.

रंग वाळला असेल-नसेल, कडी पुन्हा दारावर होती. भरलेली लांबी कुठं दिसेना. उद्धवरावांनी भंगाराचा डबा उपडा केला. पहिली कडी डब्यातच होती.

संध्याकाळी कोंडीराम चहाला आला. हा मूळचा इथला शेतकरी. याच्याच शेतात आता कारखान्याची शेड उभी होती आणि दारात बसून तो दिवसभर रस्ता बघायचा.

"उद्धवराव, पाव्हणं कोण आलंय तुमच्याकडं?"

"कुणी नाही."

"न्हाई कसं? दुपारच्याला जिन्यात बघितलं की. पाठमोरं हुतं. मला वाटलं तुमीच. हाक मारली, वळलं न्हाई. म्हनलं, रिटायर झालं आन् ऐकायलाबी येईना व्हय?"

"मीच असेन."

"चाल तर तुमचीच हुती." कोंडीरामनं बशी खाली ठेवली. "पर डबा हुता हातात. तुमी आता डबा घिऊन कुठं जाताय?"

५

मग ती दुपार आली.

उद्धवराव खुर्चीत होते. डोळा लागला होता का? ते पुढं स्वतःला हेच विचारत राहिले. लागला असेल तर आपण उठून गेलो असू. लागला नसेल तर आपण इथंच होतो. दोन्ही तितकंच खरं वाटायचं. एवढं मात्र नक्की की आवाजानं ते दचकले, आणि दचकले तेव्हा खुर्चीतच होते.

खळखळ. खटका. दोन हिसके.

समोरच्या भिंतीवरचा खिळा मोकळा होता.

मागच्या खोलीचं दार बंद होतं. कडी घातलेली. कडीत लाल कुलूप. कुलपावर त्यांचं नाव.

उद्धवराव कुलपापुढं उभे राहिले. आतून काही आवाज येत नव्हता. हात पुढं होईना. इतक्या वर्षांची सवय, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. पण नाव तर आपलं आहे. चावी तर आपल्या खिशात आहे. मग हे कुलूप कुणाचं? ते खिसा चाचपत राहिले आणि चावी लागेपर्यंत त्यांचा श्वास पत्र्याच्या खोलीत अडकायचा तसा अडकला.

दार उघडलं. निशिगंधा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठांवर बोट ठेवलेलं.

"आजोबा, मी आवाज नाही केला."

उद्धवराव खाली बसले. तिचं बोट ओठांवरून काढलं.

"तुला कुणी सांगितलं बाळा, आवाज करू नको म्हणून?"

"तुम्हीच. म्हणालात, आवाज करू नको, येतो लगेच."

ते शब्द त्यांनी सुमनताईंनाही कधी सांगितले नव्हते. पत्रा सांगितला, पट्टा सांगितला, शालनबाई सांगितली. शब्द सांगितले नव्हते.

"माझ्याकडं बघ. नीट बघून सांग. मीच होतो?"

पोरीनं बघितलं. मग विचार केला, लहान पोरं करतात तसा, मनापासून.

"तोंड नाही दिसलं. पाठ दिसली. तुमचा कंपनीचा शर्ट होता ना, खाकी."

उद्धवरावांच्या कंपनीचा शर्ट आयुष्यभर निळा होता.

तिला कडेवर घेऊन ते बाहेर आले. मग एका हाताचा तळवा नाकाशी नेला. लोखंडाचा वास येत होता. आत्ताच कुलूप हाताळलं होतं, येणारच. त्याच्याही आधी येत होता का, हे आता कसं कळणार?

६

रात्री जेवणं झाल्यावर सोनलनं विषय काढला; दुपारचं सगळं निशिगंधानं तिला सांगितलं होतं. सून वाईट नव्हती. भोसरीतल्या एका वर्कशॉपचं ऑफिस सांभाळून घर करायची, सासऱ्याला कधी उलटून बोललेली नव्हती. आताही ती ताटं आवरता आवरताच बोलली.

"बाबा, राग मानू नका. निशूला काही दिवस माझ्या आईकडं चिंचवडला ठेवते. रविवारी नेऊन सोडू."

"किती दिवस?"

"बघू."

निरंजन मोबाइलकडं बघत म्हणाला, "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ. वयानं होतं असं. माणूस काहीतरी करतो आणि त्याच्या लक्षात राहत नाही."

"मी तिला कोंडीन?"

सोनल ताटं घेऊन आत गेली. मागं कुकरचं झाकण विसळायचा आवाज तेवढा येत राहिला.

पोरगं चुकीचं काही बोलत नव्हतं. उद्धवरावांनीही तेच म्हटलं असतं. पण आयुष्यात त्यांनी मोठं असं काही केलेलं नव्हतं. घर लहान, पद लहान, शिक्षण तर नाहीच. एकच गोष्ट जपली होती. आपल्यावर जे झालं ते आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही. निरंजनला कधी खोलीत कोंडलं नाही, कधी हात उगारला नाही. आता पोर रविवारी गेली की एवढंच उरणार होतं, की म्हातारा नातीला कोंडायचा. आणि तिला मोठेपणी जे आठवेल तेही तेच.

सगळे झोपायला गेल्यावर सुमनताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"मला खरं सांगा. तुम्ही लावलं?"

"ठाऊक नाही."

"नाही म्हणा की हो."

"म्हणता आलं असतं तर सगळ्यांत आधी तुलाच म्हणालो असतो, सुमन."

सुमनताईंनी त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ तसाच धरून ठेवला, कुणी घेऊन जाईल असा.

"शनिवारी दुपारी घरात कुणी नसेल," उद्धवराव म्हणाले. "तू निशूला घेऊन खाली जिन्याच्या पायरीवर बस. कुलपाची चावी तुझ्याकडं ठेव. मी मागच्या खोलीत जाऊन बसतो, दार लोटून."

"कशाला?"

"मी आत असताना बाहेरून कडी लागली, तर लावणारा मी नव्हे."

"आणि लागली म्हणजे? पुन्हा कोंडून घेणार स्वतःला? या वयात?"

"लागली तर एवढं तरी कळेल ना मला."

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला. "तुम्ही गुणगुणत राहा आत," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला ऐकू येईल."

७

शनिवारी खालची पोरं पाळीवर गेली होती. निरंजन आणि सोनल बाजारात. सुमनताईंनी चावी पदराच्या टोकाला बांधली, निशिगंधाला चिवड्याची वाटी दिली आणि दोघी खाली पायरीवर जाऊन बसल्या. लाल कुलूप उद्धवरावांनी मुद्दाम खिळ्यालाच ठेवलं होतं.

ते मागच्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं. पोरीच्या चटईवर भिंतीला टेकून बसले. खिडकी होती. खिडकीशिवाय खोली त्यांनी बांधलीच नसती. खिडकीतून शेजारच्या शेडचं छप्पर दिसत होतं. कुठल्यातरी कारखान्यात प्रेस पडत होती, धप्प, धप्प. मागं घेताना ट्रक पिंपिं करत होता. सगळं नेहमीचं. त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. खालून सुमनताई खोकल्या, म्हणजे ऐकू जात होतं.

वेळ गेला. उद्धवरावांना हसू यायला लागलं. रिटायर झालेला माणूस नातीच्या चटईवर बसून भुताची वाट बघतोय. निरंजनचं खरं. डॉक्टरांना दाखवावं.

मग लक्षात आलं की प्रेस पडायची थांबली आहे. ट्रकचाही आवाज नाही. आणि आपलंही गुणगुणणं बंद झालंय. कधी बंद झालं?

वर छतातून तडतड असा बारीक आवाज आला. ऐन उन्हात पत्रा तापला की करतो तसा. छत स्लॅबचं होतं.

बाहेर, दाराच्या अगदी पलीकडं, खळखळ झाली.

खटका.

दोन हिसके. दार चौकटीत हललं. उद्धवरावांनी ते हलताना बघितलं.

आणि सांगायला विचित्र वाटतं, पण पहिली भावना भीतीची नव्हती. मी नव्हतो, असं त्यांच्या मनात आलं. मी नव्हतो, मी इथं आहे. डोळ्यांना पाणी आलं. भीती त्याच्या मागून आली, आणि ती आली ती ओळखीचीच होती. गुडघे आपोआप पोटाशी गेले. तोंड मिटलं. जीभ टाळूला चिकटली. म्हातारा माणूस कोपऱ्यात इतका बारीक होऊन बसला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

आता वहाणा वाजायला हव्या होत्या. वाजल्या नाहीत.

जो होता तो तिथंच उभा होता. दाराच्या खालच्या फटीत उजेडाची रेघ होती आणि ती मध्ये दोन ठिकाणी तुटली होती. जळक्या मातीचा, ओतकामाच्या वाळूचा वास येत होता. लहानपणी संध्याकाळी दार उघडलं की आधी हाच वास आत यायचा, आणि पोराला कळायचं, सुटलो. पट्टा निघणार असला तरी सुटलो.

त्यांनी खालून काही ऐकू येतं का बघितलं. सुमन खोकेना. निशूचा आवाज नाही. ओरडावं? ओरडायचं नाही हे तर या दारानंच शिकवलं होतं.

खूप वेळानं उद्धवराव बोलले. हळूच बोलले. ते तसेही हळूच बोलायचे.

"तात्या."

रेघ जिथं तुटली होती तिथं किंचित हलली.

"तात्या, मी आवाज केला नव्हता. शालनबाईनं आपणहून दार फोडलं." त्यांनी फटीतल्या रेघेकडं बघितलं. "मला फिटरचं काम आलं. लग्न झालं. मुलगा आहे, नात आहे. घर बांधलं, हेच. याच्या एकाही दाराला मी बाहेरून कडी ठेवली नव्हती. तुम्ही आणलीत."

बाहेर काही नाही. वर छत तडतडत होतं.

"पोरीला परत कोंडायचं नाही. ते मी चालू देणार नाही. तुम्ही असा नाहीतर आणखी कुणी असा." हे वाक्य मोठ्यानं निघालं. इतक्या मोठ्यानं की खोलीत घुमलं. ते स्वतःच दचकले आणि कमरेच्या पट्ट्याची वाट बघत राहिले. तसलं काही झालं नाही.

मग ते उठले. गुडघे धरून, भिंत धरून. दाराशी आले. लाकडाला तळहात लावला. लाकूड पत्र्यासारखं पोळलं, तरी हात काढला नाही.

"आमच्या कंपनीत नियम होता, तात्या. ज्याचं कुलूप, त्यानं काढायचं. दुसऱ्यानं फोडायचं नाही. तुमचं तेवढं राहिलंय. काढा. मी इथंच आहे."

किती वेळ गेला ते उद्धवरावांना पुढं कधीच सांगता आलं नाही. दाराच्या पलीकडं एक श्वास चालू होता, दमल्या माणसाचा, पाळीवरून आलेल्या माणसाचा. मग बोटं चाचपडल्याचा आवाज झाला. चावी तर सुमनताईंच्या पदराला होती. तरीही खटका झाला. कडी खळखळली आणि सुटून दारावर आपटली.

आणि आता वहाणा वाजल्या.

उद्धवरावांनी दार ओढलं. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. खिळ्याला लाल कुलूप होतं तसंच होतं. ते गॅलरीत आले आणि कठडा धरून खाली वाकले.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सुमनताई बसल्या होत्या. रस्त्याकडं बघत होत्या, पदराची गाठ मुठीत. त्यांना काही कळलं नव्हतं. पण शेजारी बसलेल्या निशिगंधानं चिवड्याची वाटी उचलली आणि पाय जवळ ओढून घेतले, जिन्यावरून उतरणाऱ्याला वाट द्यावी तसे.

खाकी शर्टाची एक पाठ त्यांच्या मधून पुढं गेली. हातात अल्युमिनियमचा डबा. मान बारीक, केसांत वाळू. आयुष्यभर उद्धवरावांनी त्या पाठीला केवढं मोठं धरलं होतं! हा तर एक पोरगा होता. निरंजनहूनही लहान. शर्ट खांद्यावरून ओघळत होता.

फाटकापाशी तो थांबला. सवयीनं हात फाटकाच्या कडीकडं गेला. तिथंच राहिला. मग हात खाली आला. फाटक उघडंच राहिलं.

जाताना तो नेहमी म्हणायचा, येतो लगेच. उद्धवराव कठड्याला धरून, श्वास रोखून, त्या वाक्याची वाट बघत उभे राहिले.

तो काही न बोलता निघून गेला.